तुमचा फोटो नेमका कुणी बघायला हवा?

*पत्र मोठं होतं. नाव, गाव आणि माळाची ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देत आहोत.*

*पत्रलेखकाचा बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ आहे. वय ३१. लगीनसराईत लग्नं, प्री-वेडिंग, बारसी. एरवी पहाटे कॅमेरा घेऊन गावच्या माळावर. धाविक, माळटिटवी, चंडोल असे पक्षी, शिवाय खोकड, काळवीट असं बरंच काही त्यांनी टिपलंय. गेल्या हिवाळ्यात लांडग्याची पिल्लं सापडली. तो फोटो त्यांनी सोशल मीडियावर टाकला आणि तो हजारो लोकांनी पुढं पाठवला. पुढच्या दोन रविवारी शहरातून गाड्या आल्या, थेट बिळापर्यंत गेल्या, आणि लांडग्यांनी पिल्लं तिथून हलवली. याच माळाच्या एका कडेनं मुरूम उपसला जातोय. ज्यांचे टिपर आहेत, त्यांच्या घरचं लग्न लेखकानंच शूट केलंय. शिवाय गायरानाचा काही भाग सौर प्रकल्पाला द्यायचं ग्रामपंचायतीत घाटतंय.*

*ते विचारतात: "फोटो टाकणं बंद करू, की उलट मुरमाचे फोटो व्हायरल करू? संभाजीनगरला किंवा पुण्याला प्रदर्शन भरवलं तर काही होईल का? गावातल्या लोकांना या माळाची किंमतच कळत नाही. वडील म्हणतात, फोटू काढून माळ ऱ्हात असतोय का?"*

तुमच्या वडिलांपासून सुरुवात करू. त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. फोटो काढून माळ राहत नाही. पण तुम्ही आजवर फोटो काढले ते ज्यांचा त्या माळाशी काडीचा संबंध नाही अशा लोकांसाठी. ज्यांच्या सहीनं, ज्यांच्या मेंढरांनी, ज्यांच्या जेसीबीनं त्या माळाचं भलंबुरं होतं, त्यातल्या किती जणांनी तुमचे फोटो पाहिलेत? पत्रात याचा उल्लेख कुठंच नाही, म्हणून मी समजते की कुणीच नाही. माझं सगळं उत्तर याच एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

आधी पिल्लांचं. ते घडून गेलं, त्यावर उगाळत बसू नका. लांडगे पिल्लं हलवतात. बिळाजवळ माणसाचा वावर वाढला की ते त्यांचं नेहमीचंच वागणं आहे, त्यामुळं पिल्लं मेलीच असतील असं धरून चालू नका. इथून पुढं एवढं करा: बीळ, घरटं, अंडी, पिल्लं यांचा फोटो त्या हंगामात टाकायचाच नाही. पिल्लं मोठी होऊन पांगली की चार-सहा महिन्यांनी टाका, आणि तेव्हाही गावाचं नाव, ओळखीची टेकडी, मंदिराचं शिखर, पवनचक्की चौकटीत येऊ देऊ नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर मूळ फाइलमध्ये अक्षांश-रेखांश जातात, ते टाकण्याआधी काढून टाका. नोंद शास्त्रीय कामाला लागावी असं वाटत असेल तर आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा तिथं आपोआप धूसर केली जाते.

कायद्याचंही सांगते, कारण हे वाचणाऱ्या इतर हौशी फोटोग्राफरांना बहुधा ठाऊक नसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणं हेही धरलंय. फांदी बाजूला करून घरट्याचा फोटो घेणारा माणूस स्वतःला पक्षिप्रेमी म्हणवत असला तरी कायद्याच्या भाषेत तो कुठं उभा आहे, ते त्यानं बघावं. लांडगा तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. आणि नायगाव मयूर, येडशी रामलिंग, जायकवाडी किंवा गौताळा अशा अभयारण्यांत फोटोग्राफीसाठी वन विभागाची परवानगी लागते.

आता मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य. "गावातल्या लोकांना या माळाची किंमतच कळत नाही."

तुम्हाला ते बीळ कसं सापडलं? पत्रात तुम्हीच लिहिलंय, एका धनगर आजोबांनी दाखवलं. म्हणजे त्यांना ते आधीपासून माहीत होतं. कदाचित दरवर्षी माहीत असतं. त्यांची मेंढरं त्याच माळावर चरतात, लांडगा त्यांचंच कोकरू नेतो, आणि तरी ते बीळ धूर कोंडून बुजवलं गेलं नव्हतं. त्यांनी ते हजारो लोकांना दाखवलंही नाही. तुमच्या आधी त्या माळाचं राखण करणारा माणूस तुम्हाला भेटला होता आणि तुम्ही त्यांना वाटाड्या समजलात. हे बोचेल, पण म्हणणं भाग आहे.

गावातल्या लोकांना माळाची किंमत कळते. फक्त प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. मेंढपाळाला चारा दिसतो. टिपरवाल्याला मुरमाचे ब्रास दिसतात. सरपंचाला जागा शोधत फिरणारी सरकारी योजना दिसते. भूमिहीन कुटुंबाला दोन एकर दिसतात. तुम्हाला धाविक दिसतो. आणि सरकारी नकाशात तर असे माळ बहुतेक वेळा 'पडीक' म्हणून रंगवलेले असतात. पडीक म्हटलं की त्यावर काहीतरी 'करायचं' असतंच. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीचे जे मोठमोठे आकडे ठरले (शेवटच्या वर्षी ३३ कोटी), तेव्हा गवताच्या माळांवरही खड्डे खोदले गेले. झाडं लावणं वाईट असं कोण म्हणेल? पण जिथं गवतच हवं तिथं ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या केल्या की धाविक आणि माळटिटवी निघून जातात, आणि मेंढरांचं चराऊ रान जातं ते वेगळंच. वाघाबद्दल कुणाला काही पटवावं लागत नाही. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघ होते. लांडगे साधारण तीन हजारांच्या आसपास मानले जातात. हे ऐकून बहुतेकांच्या भुवया उंचावतात, कारण लांडगा राहतो 'पडीक' जमिनीत.

तेव्हा लोकांना 'जाग आणायची' ही भाषा सोडा. आधी या सगळ्यांच्या किमती एका जागी मांडल्या जातील असं काहीतरी करा. त्यात तुमचा कॅमेरा खरंच उपयोगी आहे. फक्त सुंदर फोटोंपेक्षा रटाळ फोटोंनी जास्त काम होईल.

सुंदर फोटोनं काम होतच नाही असं नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या फ्रँकलिन नदीवर धरण होणार होतं. पीटर डोंब्रोव्स्किस या छायाचित्रकारानं टिपलेलं त्या नदीच्या एका वळणाचं धुकट चित्र १९८३ च्या निवडणुकीत वर्तमानपत्रांत पानभर छापलं गेलं. सरकार बदललं, त्याच वर्षी जुलैमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं एका मताच्या फरकानं निकाल दिला आणि धरण थांबलं. पण नीट बघा, तिथं निवडणुकीची तारीख ठरलेली होती, एक ठरलेला निर्णय होता, आणि फोटो नेमक्या मतदारांसमोर ठेवला गेला. नुसता छान होता म्हणून नदी वाचली नाही.

त्याहून जवळचं उदाहरण नागालँडचं. २०१२ च्या ऑक्टोबरात वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाणे जाळ्यांत हजारोंनी पकडले जात होते. काही निसर्ग कार्यकर्त्यांनी ते फोटो आणि व्हिडिओ बाहेर आणले. ते बघवत नाहीत इतके भयाण आहेत. देशभर गहजब झाला. गहजब विरून जातो, तसा हाही विरला असता. पण ती माणसं परत गेली, पांगती आणि आसपासच्या गावांत ग्रामपरिषदांशी, चर्चशी बोलली, गावांनी स्वतः बंदी ठरवली, आणि पुढच्या हंगामात शिकार जवळजवळ शून्यावर आली. फोटोनं दार उघडलं. आत जाऊन बसणं, चहा पिणं, ऐकून घेणं हे काम माणसांनीच केलं.

रटाळ फोटो म्हणजे काय ते सांगते. माळावर चार-पाच जागा ठरवा: हद्दीचा दगड, जुनी विहीर, पाझर तलावाचा सांडवा, टेकडीचा माथा, मुरमाच्या खाणीची कड. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच जागी उभं राहून, त्याच दिशेला, त्याच लेन्सवर एक-एक फोटो. पक्षी आला तर आला, नाही तर नाही. जून कोरडा, ऑगस्ट हिरवा, ऑक्टोबरात कुसळी गवत कमरेएवढं, फेब्रुवारीत सोनेरी, एप्रिलला उघडा मुरूम. वर्ष-दोन वर्षांत तुमच्या हातात एक पुरावा तयार होतो, जो कुठल्याही लाडक्या लांडग्याच्या पिल्लानं मिळत नाही. 'इथं काहीच नाही, उजाड आहे' असं कुणी म्हणालं की तुम्ही फक्त ऑगस्टचं पान उघडायचं. पाहणी दौरा उन्हाळ्यात झाला की माळ खरंच उजाड दिसतो, ही त्या माळाची मोठी अडचण आहे.

या फोटोंना तारीख आणि जागा छापलेली हवी. आपल्याकडे रोजगार हमीच्या कामापासून शाळेच्या कार्यक्रमापर्यंत सगळीकडे 'जिओ टॅग फोटो टाका' म्हणतात, त्याला आता सगळी कार्यालयं सरावलीत. तेच ॲप वापरा. (हो, वर मी लोकेशन काढून टाका म्हणाले. ते जगासाठीच्या फोटोचं. हे कार्यालयासाठीचे, ते इंटरनेटवर टाकायचे नाहीत.) मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आतली माहिती उडते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. उद्या प्रकरण न्यायालयात किंवा पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाच्या खंडपीठापुढं गेलंच, तर मूळ फाइल कुणाच्या कॅमेऱ्यातली, कधीची, हे विचारलं जातं.

आता मुरूम. इथं मी तुम्हाला घाईनं शूर व्हायला सांगणार नाही. वाळू आणि मुरमाच्या धंद्यात महसूलच्या पथकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात नव्या नाहीत. तुमच्या गावात तुमचं दुकान आहे, घर आहे, वडील आहेत. टिपरच्या नंबर प्लेटचे फोटो स्वतःच्या नावानं व्हायरल करायचे, हा तुमच्यासमोरच्या पर्यायांतला सगळ्यात गाजणारा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा पर्याय आहे. आठवडाभर उपसा थांबेल, मग रात्री सुरू होईल, आणि गावातली तुमची ऊठबस संपेल.

शिवाय एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीत: उपसा बेकायदाच आहे. असेलही. पण तुम्ही तपासलंय का? मुरूम हे गौण खनिज आहे. तहसील कार्यालयातून परवानगी आणि रॉयल्टी भरून तो काढता येतो. परवानगी कुठल्या गट नंबरची, किती ब्रासची, कुठपर्यंतची, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्ज तुम्हीच करायला हवा असं नाही. गावाबाहेरच्या कुणीही केला तरी चालतो, आणि तुमच्या बाबतीत तेच बरं. परवानगीच नसेल किंवा ५०० ब्रासची असून खड्डा त्याच्या चौपट असेल, तर प्रश्न भावनेचा राहत नाही, मापाचा होतो. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. १०० फूट लांब, ५० फूट रुंद, १० फूट खोल खड्डा म्हणजे ५०० ब्रास. फोटोत एखादा माणूस किंवा मोजपट्टी उभी धरली की खोली डोळ्यांना कळते. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये बेकायदा उपशाला दंडाची तरतूद आहे, आणि तो आकारताना माप लागतं. तिथं तुमचा रटाळ फोटो आणि महिन्या-महिन्याची रांग कामाला येते.

पण त्याच्याही आधी मी एक वेगळा रस्ता धरीन. तुम्ही त्यांच्या घरचं लग्न शूट केलंय, म्हणजे त्यांच्या ओसरीवर तुम्हाला चहा मिळतो. ही अडचण आहे असं तुम्ही लिहिलंत. मला ती सोय वाटते. जाऊन बोला. मुरूम काढूच नका म्हणायला जाऊ नका, ते कुणी ऐकणार नाही. पूर्वेची बाजू, जिथं बीळ आहे आणि गवत चांगलं आहे, ती सोडा, आधीच खोदलेल्या बाजूला राहा, एवढंच मागा. ते 'बघू' म्हणतील. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित एक कड वाचेल. आणि बोलण्याचा सूर धमकीचा लागला, तर तिथंच थांबा. पुढचं काम ग्रामसभेच्या ठरावातून किंवा बाहेरच्या संस्थेकडून होऊ द्या. तुमचे फोटो त्यांना द्या, नाव देऊ नका. माळाला तुमची गरज पुढची वीस वर्षं आहे.

सौर प्रकल्पाबद्दल तुम्ही 'हे पण माळ गिळणार' असं लिहिलंय. इथं थोडं थांबा. तुमच्या गावातल्या शेतकऱ्यांना रात्री दोनला मोटार चालू करायला जावं लागतं, अंधारात साप, विंचू, रानडुकरं असताना. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यांना दिवसा वीज देऊ म्हणते, आणि त्यासाठी उपकेंद्राजवळची सरकारी, गायरान जमीन शोधली जाते. या मागणीच्या विरोधात धाविकाचा फोटो घेऊन उभं राहिलात तर तुम्ही हराल, आणि माझ्या मते हरायलाही हवं. एक मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर लागतात. मग खरा प्रश्न 'हवा की नको' हा नाही, 'कुठं' हा आहे. मुरूम काढून आधीच खणलेली, सपाट झालेली बाजू पॅनेलला गेली तर कुणाचं काय बिघडतं? गवताचा पट्टा आणि बिळाची टेकडी राहिली तर मेंढपाळांचंही भागतं. हे सांगायला ग्रामसभेत नकाशा लागेल. गट नंबर टाकलेला गायरानाचा साधा नकाशा, त्यावर कुठं गवत, कुठं बीळ, कुठं पाणी, कुठं खाण, आणि प्रत्येक ठिकाणाचा ऑगस्टचा आणि मेचा एक-एक फोटो. (बिळावर टिंब नका देऊ. त्या अख्ख्या टेकडीला रंग द्या.) १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या सुमारास ग्रामसभा होतात. तिथं एकटे जाऊ नका. त्या धनगर आजोबांना घेऊन जा आणि आधी त्यांना बोलू द्या.

एक सावधगिरी मात्र अगदी मनापासून सांगते. गायरान म्हटलं की मराठवाड्यात दुसरा एक इतिहास उभा राहतो. गावोगावच्या भूमिहीन कुटुंबांनी, त्यातही दलित आणि पारधी कुटुंबांनी, गायरानाच्या तुकड्यांसाठी दशकानुदशकं लढा दिलाय, मार खाल्लाय. तुमच्या चौकटीत कुणाची दोन एकर बाजरी 'अतिक्रमण' म्हणून आली, आणि तो फोटो घेऊन उद्या कुणी त्यांना उठवायला गेलं, तर धाविकाच्या नावावर नको ते पाप जमा होईल. पुरावा कुणाच्या हातात पडतो हे फोटोग्राफरच्या हातात राहत नाही. म्हणून फोटो काढतानाच काय चौकटीबाहेर ठेवायचं ते ठरवा. खाणीची कड आणि गरिबाचं वावर यात फरक करता आला पाहिजे.

मेंढपाळांसाठी तुमचा कॅमेरा उद्यापासून कामाला येऊ शकतो, ते पत्रात तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. लांडग्यानं किंवा तरसानं मेंढरू मारलं तर वन विभागाकडून नुकसानभरपाई मिळते. पण ४८ तासांच्या आत कळवावं लागतं, मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नसतं, आणि पंचनामा व्हायला हवा. रानात वाडा घालून राहणाऱ्या माणसाला हे जमत नाही, मग तो नाद सोडून देतो, आणि राग साठत जातो. राग साठला की कुणीतरी मेलेल्या मेंढरात विषारी औषध कालवतं. तुमचा नंबर त्या वाड्यांवर असेल, तुम्ही तासाभरात पोचून जनावराचे, जखमांचे, पावलांचे, आसपासच्या जागेचे फोटो घेतलेत, १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर आणि वनरक्षकाला कळवलंत, तर एक अर्ज कागदावर उभा राहील. एका कोकराची भरपाई मिळवून दिली तर लांडग्याला जेवढं आयुष्य मिळेल, तेवढं दहा हजार लाइकनी मिळणार नाही.

प्रदर्शन भरवायचंच तर संभाजीनगर, पुणे नंतर. आधी गावातच. तुमच्याकडं प्रिंटर आहे, अल्बम बांधायची सोय आहे, लग्नाच्या करिझ्मा अल्बमसारखाच जाड पानांचा 'आमच्या गावचा माळ' करून ग्रामपंचायतीत ठेवा. प्रत्येक फोटोखाली पुस्तकी नाव आणि त्याच्यासोबत गावात म्हणतात ते नाव. ते नाव म्हाताऱ्या माणसांकडून घ्या. शाळेतल्या पोरांना बरोबर घेतलंत तर ती दोन दिवसांत गोळा करून आणतील. चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, तिथं एखादा महिनाभर खोकडाचा फ्लेक्स लागला तर काय हरकत आहे? खाली 'शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ' लिहा, लोक हसतील आणि वाचतील.

याच अल्बमचं सरकारी रूपही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बऱ्याच गावांत समिती कागदावर असते आणि नोंदवही कुणीतरी बाहेरून भरून दिलेली, शेजारच्या गावाची हुबेहूब नक्कल. ग्रामसेवकांना विचारून ती बघायला मागा. लांडगा, धाविक, कुसळी गवत तिथं नसेल तर भर घालायला सांगा, सोबत तुमचे फोटो द्या. नोंदवहीत असलेल्या गोष्टीबद्दल 'आमच्या गावात असलं काही नाही' असं म्हणणं अवघड जातं. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते आणि फेब्रुवारीत जगभर पक्षिगणनेचे चार दिवस असतात. तेव्हा पाझर तलावावर आणि माळावर मोजणी करून ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत चला. मराठवाड्यातून जायकवाडीच्या नोंदी भरपूर जातात, कारण तिथं रोहित येतात आणि सगळे कॅमेरे तिकडं वळतात. तालुक्याच्या माळांवरून नोंदी फार कमी आहेत. (रोहितांच्या गुलाबी थव्याचा आणखी एक फोटो पाहायची माझी तरी इच्छा उरलेली नाही.)

रटाळ फोटोचं बळ बघायचं तर येडशीच्या वाघाचंच बघा. २०२४ च्या अखेरीस रामलिंग अभयारण्यात वाघ आला तो कळला कॅमेरा ट्रॅपच्या फोटोतून. कुणाच्याही भिंतीवर लावावा असा तो फोटो नव्हता. पण अंगावरचे पट्टे जुळवून तो यवतमाळच्या टिपेश्वरमधून चालत आलाय हे समजलं. नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर किंवा बीड, कुठून का होईना, त्यानं शेकडो किलोमीटर शेतं, ओढे, रस्ते आणि असेच 'पडीक' माळ ओलांडले असणार.

स्पर्धांना फोटो पाठवायचे का, हेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. पाठवा की. बक्षीस लागलं तर सरपंच तुमचं ऐकतील, आपल्याकडं बाहेरचा शिक्का लागल्याशिवाय घरच्या माणसाला किंमत नसते. फक्त ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्षी बोलावणं, खाद्य टाकून खोकड जवळ आणणं, बिळाबाहेर रात्री फ्लॅश मारणं असले फोटो पाठवू नका, आणि असे फोटो काढणाऱ्या मित्रांना माळ दाखवू नका. शहरातून कुणी 'लोकेशन पाठव ना भावा' म्हणालं, तर नाही म्हणायची सवय करा. अगदीच टाळता येत नसेल तर त्यांना धनगर आजोबांच्या बरोबर, पायी, त्यांची दिवसाची मजुरी देऊन यायला सांगा. भिगवणला उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणारी माणसं आज नावेतून पक्षी दाखवून चार पैसे कमावतात. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिरसुफळ इथं वन विभागानं गवताळ माळांची सफारी सुरू केलीय. तुमच्या गावात लगेच असं काही काढा असं मी म्हणत नाही, भिगवणलाही नावा रोहितांच्या अंगावर जातात अशी तक्रार असते. पण माळ बघण्याचे पैसे माळावरच्या माणसाच्या खिशात गेले तर तो राखायला आणखी एक कारण मिळतं.

धंद्याबद्दल वडिलांची काळजी रास्त आहे. वन्यजीव फोटोग्राफीवर घर चालेल अशी आशा त्यांना दाखवू नका. लग्नांवर घर चालवा आणि माळाला आठवड्यातून एक पहाट द्या, वरचं सगळं तेवढ्यात बसतं. प्री-वेडिंगसाठी जोडप्यांना त्याच माळावर नेत असाल, आणि बहुधा नेत असालच, तर मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत गाडी डांबरी रस्त्यावर ठेवा आणि ड्रोन घरी. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, ती मुरमाच्या खड्यांसारखीच दिसतात. भर उन्हात मादी थोडा वेळ जरी अंड्यांवरून उठली तरी आतलं पिल्लू शिजतं. संध्याकाळचं सोनेरी ऊन रस्त्याच्या कडेलाही तितकंच चांगलं पडतं.